कोंबडीच्या पुढ्यात काय टाकावे?



परसात चारदोन कोंबड्या पाळणाऱ्या नागरिकांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. दाणे भरपूर टाकतो, तरी अंडी मिळत नाहीत. मग दोष कोंबडीच्या जातीला दिला जातो आणि तिची रवानगी सुरीकडे होते. आमचे म्हणणे एवढेच, की शिक्षा देण्यापूर्वी हिशेब तपासून पाहावा.

हिशेब अगदी सोपा आहे. अंड्यावर आलेली चांगली कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाते आणि त्यातून तिला १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. गावरान कोंबडी थोडे कमी खाईल, पण प्रमाण बहुधा असेच. ज्वारीत प्रथिने असतात शेकडा १० च्या सुमारास. म्हणजे नुसत्या ज्वारीवर तिच्या पदरी ११ ग्रॅम पडली. तूट आली ६ ग्रॅमांची. आता एका अंड्यात प्रथिने किती असतात? तीही सुमारे ६ च ग्रॅम! जे आपण दिलेच नाही, ते तिने कोठून द्यावे?

खेड्यात ही तूट कोणी भरून देत नाही. कोंबडी स्वतःच ती भरून काढते. उकिरडा उकरून ती किडे, अळ्या, गांडुळे टिपते. शहरात आपण अंगणात फरशी घातली, उकिरडा हलवला आणि नकळत तिच्या ताटातली डाळच काढून घेतली.

ती परत कशी वाढावी? शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने शेकडा ४० च्या आसपास असतात, बिनमिठाच्या सुकटीत ५० च्या वर. ८० ग्रॅम ज्वारी, १० ग्रॅम पेंड आणि १० ग्रॅम सुकटीचा भुगा एवढ्याने १७ ग्रॅमांची बेरीज जुळते. शिवाय धान्यात व पेंडीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी पडतो, ती उणीव सुकट भरून काढते. मात्र सुकट फार झाली, तर अंड्याला वास येतो.

पेंड घ्यावी ती ताजीच. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखावर पिले पाहता पाहता दगावली. शोधाअंती कारण सापडले ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. तिच्यावरील बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष उन्हाने वा भाजल्याने जाईल, असा भरवसा धरू नये. बुरसलेली पेंड स्वस्त मिळाली, तरी ती टाकूनच द्यावी.

हल्ली अझोला या पाणवनस्पतीचे कौतुक फार होते. सुक्या अझोलात प्रथिने शेकडा २० ते २५ असतात हे खरे. पण ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ओंजळभर अझोला म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने. अझोला, शेवग्याचा पाला, लसूणघास ही उत्तम भाजी आहे. ती जरूर द्यावी, पण तिला डाळ समजू नये.

खरी डाळ फुकट मिळते ती किड्यांत. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात शेतकरी मडक्यात ओला पेंढा व शेण भरून ते वारुळाजवळ उपडे घालतात आणि त्यात जमलेली वाळवी पिलांना चारतात. घराजवळ वाळवी बोलावण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. परंतु परसाच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा, शेण आणि भाजीची देठे यांचा ओलसर ढीग ठेवून कोंबड्यांना तो उकरू देणे कोणालाही जमेल.

माणसाने खाण्याजोगे धान्य चारून अंडे मिळवायचे, तर तो सौदा महागच पडतो. माणूस जे खात नाही त्याचे अंडे करून ते घरच्या पोराच्या ताटात घालणे, हीच कोंबडीची खरी करामत आहे. तिला तिचा उकिरडा परत द्या. मग तिच्या जातीची चौकशी करण्याची पाळी सहसा येणार नाही.