मोडीचे कागद व नवे यंत्र
(बुलढाणा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



छत्तीस वर्षे आम्ही मुलांस अक्षरे शिकविली. परंतु जातपडताळणीसाठी आजोबांचे मोडी खरेदीखत हाती आले, तेव्हा आम्हीच निरक्षर ठरलो. अशी बोचकी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. कागदांची छायाचित्रे संगणकात ठेविली, तरी जे वाचता येत नाही ते शोधताही येत नाही.

रुरकीच्या आय. आय. टी.तील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी २०२५ साली मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा व त्यांचे देवनागरी लिप्यंतर यांचा संच सिद्ध केला. अशा संचावरून कृत्रिम बुद्धिमत्ता मोडी वाचावयास शिकते. हे पूर्णपणे साधले, तर गावाचे नाव वा आडनाव देताच हजारो पानांतील नेमके पान पुढे येईल.

तथापि सावधगिरी हवी. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात, शब्द सलग लिहितात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत. यंत्राने एक अक्षर चुकीचे लाविले, तर आडनाव बदलेल व एखाद्या मुलाचा प्रवेश हुकेल. म्हणून यंत्राने शोधावे, जाणत्याने पडताळावे. आणि ते जाणते आपल्यातूनच निर्माण झाले पाहिजेत.

आमची विनंती एवढीच : प्रत्येक घराने बोचके उघडून कागदांची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत, मूळ कागद जपून ठेवावेत, आणि प्रत्येक गावातील एका तरी तरुणाने मोडी शिकावी. आम्ही स्वतः पासष्टाव्या वर्षी तिची बाराखडी गिरवीत आहोत.