नॉमिनी कोण आणि मालक कोण?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं की, "काका, बँकेतल्या गमतीजमती सांगा." गमती पुष्कळ आहेत, त्या कोजागिरीला सांगेन. आज जरा वेगळा विषय घेतो. पंचवीस वर्षांपूर्वी ताबा घेताना आपण एका गठ्ठ्यावर भराभर सह्या केल्या. त्यात नॉमिनेशनचा फॉर्म होता. त्यावर कोणाचं नाव लिहिलं, हे आज किती जणांना आठवतं? हात वर करायला सांगत नाही. गेल्या महिन्यात सेक्रेटरींबरोबर बसून मी नॉमिनेशनचं रजिस्टर पाहिलं. काही नॉमिनी आज हयात नाहीत, आणि काही ठिकाणी तर रकानाच कोरा आहे.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण अडतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच ठेवी आणि लॉकरच्या टेबलावर. माणूस गेल्यानंतर घरात काय होतं, ते काउंटरच्या अलीकडून पुष्कळ पाहिलं.

बँकेच्या ठेवींना नॉमिनेशनची सोय १९८५ साली सुरू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. एका तरुणाने लग्नाआधी खातं उघडलं आणि नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचं नाव दिलं. पुढे लग्न झालं, मूल झालं, फॉर्म तसाच राहिला. अपघातात तो गेला. बायको कडेवर मूल घेऊन बँकेत आली. कायद्याने पैसे भावाच्या हातात द्यावे लागले. मॅनेजरसाहेबांनी भावाला समोर बसवून सांगितलं, "हे पैसे तुमचे नाहीत. तुम्ही फक्त घेणारे आहात, पुढे वारसांना द्यायचे आहेत." त्याने मान डोलावली. बाईंना शेवटी कोर्टात जावं लागलं. निकाल लागला तेव्हा ते मूल शाळेत जायला लागलं होतं.

मॅनेजरसाहेब जे बोलले तेच सर्वोच्च न्यायालय वेळोवेळी सांगत आलं आहे. १९८४ चा सरबती देवी निकाल विम्याच्या पैशांबद्दल होता. नॉमिनी पैसे घेतो, पण ते वारसांचे असतात, असं त्यात ठरलं. २०१० साली बँक ठेवींबद्दल तेच सांगितलं गेलं. शेअर्सच्या बाबतीत मात्र मधे गोंधळ झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालाने शेअर्सचा नॉमिनी मालक होतो असं म्हटलं. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये ते खोडून काढलं, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हे प्रकरण आपल्या सगळ्यांच्या भिंतीवरच्या 'कालनिर्णय'चे जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीचं होतं. स्वतः मृत्युपत्र केलेल्या माणसाच्या मागेही हा प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टात चालतो, एवढं लक्षात घ्या.

आता फ्लॅटकडे येऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांची आयुष्यभराची कमाई त्यातच आहे. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका गृहनिर्माण संस्थेसंबंधी इंद्राणी वाही निकाल आला. वडिलांनी लग्न झालेल्या मुलीला नॉमिनी केलं होतं, आई आणि भावाने हरकत घेतली. न्यायालय म्हणालं, संस्थेने नॉमिनीच्याच नावे हस्तांतर केलं पाहिजे. झालं! तेव्हा 'नॉमिनीच मालक' अशी हवा झाली, आणि आपल्या कट्ट्यावरही आठवडाभर चर्चा रंगली. पण त्याच निकालात पुढे असंही म्हटलंय की, वारसाहक्काचा दावा करायला घरच्या इतरांना मोकळीक आहे. संस्थेचं दप्तर एक आणि मालकी दुसरी. कट्ट्यावर निकालाचा पहिला अर्धाच पोचला.

महाराष्ट्रात हा घोळ २०१९ च्या दुरुस्तीने बराच निस्तरला. सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ आपल्या कमिटीने फ्रेम करून ऑफिसात लावावं, असं मी म्हणेन. सभासद वारला की नॉमिनीला 'प्रोव्हिजनल मेंबर', म्हणजे तात्पुरता सभासद, करून घ्यायचं. कुठपर्यंत? मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांनी आपसात केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा कागद यांच्या आधारे खरे हक्कदार सभासद होईपर्यंत. सर्टिफिकेटवर तात्पुरतं नाव लागलं म्हणून घर विकायचा अधिकार येत नाही.

याचा उपयोग काय, ते आपल्याच सोसायटीतल्या उदाहरणाने सांगतो. त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे, विंग मात्र सांगणार नाही. गृहस्थ गेले. नॉमिनी थोरला मुलगा, तो परगावी नोकरीला. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा सोसायटीला ईमेल आला, "मी नॉमिनी आहे, सर्टिफिकेट माझ्या नावे करून द्या, फ्लॅट विकायचा आहे." त्याची आई प्लास्टिकच्या पिशवीत शेअर सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडे आली. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, मला हे घर सोडावं लागेल का?" चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हा प्रश्न शेजाऱ्याला विचारावा लागतो, याचं मला फार वाईट वाटलं.

उत्तर होतं, नाही. फ्लॅट एकट्या गृहस्थांच्या नावावर होता, मृत्युपत्र नव्हतं, आणि गृहस्थांची आई हयात नव्हती. म्हणून हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि लग्न झालेली मुलगी असे तिघे समान वारस. कमिटीने मुलाला तात्पुरता सभासद करून घेतलं आणि कलमाचा मजकूर ईमेलने कळवला. कमिटी काही कोर्ट नव्हे. कोणाचा हिस्सा किती हे तिने ठरवायचं नसतं, आणि आपल्या कमिटीने ते ठरवलं नाही, हे चांगलं केलं. मुलगा आधी चिडला. मग बहिणीने समजूत घातली. शेवटी दोन्ही मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून दिलं. त्या बाई आज इथे पुढच्या रांगेत आहेत, आणि घर त्यांच्या नावावर आहे.

आत्ता मी 'गृहस्थांची आई' म्हटलं, ते मुद्दाम. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पत्नी-मुलांबरोबर त्याची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते, समान हिश्श्याची. वडील त्या वर्गात नाहीत. सुना-जावयांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. मुलींच्या बाबतीतही लोक २००५ च्या दुरुस्तीचं नाव घेतात. ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल होती. बापाने स्वकष्टाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये मुलीचा हिस्सा १९५६ पासूनच आहे. आपल्याकडे इतर धर्मांची कुटुंबंही आहेत, त्यांचे वारसा कायदे वेगळे आहेत. त्यांनी वकिलांना जरूर विचारावं.

बँकेच्या सवयीने आणखी एक गैरसमज होतो. खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असतं, तसंच फ्लॅटवर दोघांची नावं म्हणजे एक गेला की दुसऱ्याचं सगळं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो.

मग करायचं काय? मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि शक्यतो आपल्यापेक्षा तरुण साक्षीदार घ्या. वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

काही जण म्हणतात, आत्ताच मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाकू, महाराष्ट्रात मुलांना राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क अवघं दोनशे रुपये आहे. शुल्क कमी आहे हे खरं. पण घर गेलं की गेलं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द केलं. पण डिसेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने, अशी अट असल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून दुसऱ्या एका आईचा अर्ज नाकारला होता. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. संकोच करू नका. माझं स्वतःचं मत विचाराल तर राहतं घर हयातीत देऊच नये.

जाता जाता बँकेचं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी देता येतात, टक्केवारी लिहून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एकच. तुमच्या शाखेत जाऊन बघा.

भाषणानंतर दोन-तीन प्रश्न आले, तेही लिहून ठेवतो.

एका ताईंनी विचारलं, मुलगी परदेशात आहे, तिला नॉमिनी केलं तर चालेल का? चालेल. अनिवासी भारतीयाला वारशाने घर मिळू शकतं. फक्त इथे कागदपत्रांसाठी कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागेल, ते आधी ठरवून ठेवा.

बी विंगमधल्या आजोबांनी विचारलं, मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो म्हणतात, खरं का? मी म्हटलं, आजोबा, मी माझं २०१३ साली केलं, आणि नंतर दोनदा बदललं. त्यावर आजोबा म्हणाले, "मग मला फॉर्म दे." मृत्युपत्राला फॉर्म नसतो. नॉमिनेशनचा असतो, तीन प्रतींत भरायचा, आणि तो ऑफिसात संध्याकाळी सहा ते आठ मिळतो.