तिजोरीची जोखीम कोणाच्या माथी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शासनाच्या घोषणा वृत्तपत्रांत सुट्या सुट्या येतात. कराची घोषणा व्यापाराच्या पानावर, सैन्यभरतीची पहिल्या पानावर, निराधारांच्या अनुदानाची जिल्ह्याच्या पानावर. वाचणारेही त्या सुट्याच वाचतात. वस्तुतः त्या एकाच खतावणीतील नोंदी असतात, आणि ही खतावणी सलग वाचल्याखेरीज राज्यकर्त्यांच्या धोरणाचे वर्गीय स्वरूप ध्यानात येत नाही.

पहिली नोंद जमेच्या बाजूची. २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीपूर्वी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी करात कपात जाहीर केली. बड्या कंपन्यांवरील मूळ दर ३० टक्के होता. इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी तो २२ टक्के, तर नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के झाला. संसदेत चर्चा न होता हा बदल वटहुकमाने अंमलात आला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, हा अंदाज शासनाचाच होता. यातून गुंतवणूक वाढेल असे सांगण्यात आले; परंतु २२ टक्क्यांच्या सवलतीला गुंतवणुकीची वा रोजगाराची कोणतीही अट घातलेली नव्हती. २०२३-२४ सालचे हिशेब पाहिले तर व्यक्तिगत आयकराची वसुली कंपनी कराच्या पुढे गेलेली दिसते.

आता खर्चाची बाजू पाहावी. १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. तरुणाने चार वर्षे सैन्यात सेवा करावयाची. त्यानंतर फार तर २५ टक्क्यांना कायम करावयाचे. उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळेल, निवृत्तिवेतन मिळणार नाही. व्याज वगळले तर या निधीतील निम्मी रक्कम त्या जवानाच्याच वेतनातून कापलेली असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत सैन्यातील नोकरी हा पिढ्यान् पिढ्यांचा आधार राहिला आहे. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर न भागणारा संसार जवानाच्या निवृत्तिवेतनावर उभा राहिला.

सैन्य तरुण असावे, हा शासनाचा युक्तिवाद थट्टेवारी नेण्याजोगा नाही. २०२२-२३ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ५ लाख २५ हजार कोटींची तरतूद होती, आणि त्यातील सुमारे १ लाख १९ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे होते. हा बोजा खरा आहे. मात्र ज्या तिजोरीला कंपन्यांसाठी १ लाख ४५ हजार कोटी सोडणे परवडते, तिला जवानाचे निवृत्तिवेतन का परवडू नये, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

निवृत्तिवेतनाचा इतिहासही हेच सांगतो. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना, सेनादले वगळून, अंशदायी योजना लागू झाली. पूर्वी निवृत्तीनंतरच्या रकमेची हमी शासनाची होती. नव्या योजनेत बाजारातील चढउताराची जोखीम कर्मचाऱ्याच्या माथी आली. संघटित कर्मचारी लढले. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात मोठा संप झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हमीचे निवृत्तिवेतन काही प्रमाणात पुन्हा मान्य करावे लागले. लढ्याने धोरण बदलते, याचे हे प्रत्यंतर होय.

पण ज्यांची संघटना नाही त्यांचे काय? भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरली. पुढील दहा वर्षांत तीत एका रुपयाचीही भर पडली नाही. दरिद्री वृद्धांसाठी केंद्राची योजना १९९५ साली ७५ रुपयांवर सुरू झाली. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धाला केंद्राकडून मिळणारा हिस्सा २०२४ सालीही महिना २०० रुपयेच होता. कापडगिरणीतून, विडीच्या कारखान्यातून, उसाच्या फडातून थकून बाहेर पडलेल्या माणसाच्या वार्धक्याची ही किंमत.

आणि येथेच पुरोगामी पक्षांनी आत्मपरीक्षण करावयास हवे. जून २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘लाडकी बहीण’ योजनेखाली महिन्याला १५०० रुपये जाहीर केले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी २१०० आणि विरोधी आघाडीने ३००० चे आश्वासन दिले. गरीब स्त्रीच्या हाती पैसा गेला याबद्दल विषाद मानणे समाजवाद्यांना शोभणार नाही. तो तिचाच आहे. विषाद याचा की, पैसा कोठून येणार हे कोणी सांगितले नाही आणि तो हक्क म्हणून मागण्याची सोय कोणी कायद्यात केली नाही. लिलावात वाढलेली रक्कम मतदानानंतर घटविता येते, निकष लावून नावे गाळता येतात.

महाराष्ट्राला दुसरा मार्ग अपरिचित नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, शासनाने तितकीच भर घालण्याची तरतूद झाली आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क ठरला. शहरातील पगारदाराचा पैसा दुष्काळी तालुक्यात खडी फोडणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचविणारी ही व्यवस्था होती. तिच्या अंमलबजावणीत दोष होते. पण कर कोणावर, लाभ कोणाला आणि हक्क कोणता, हे तिन्ही कायद्यात लिहिलेले होते.

म्हणून यापुढे कोणतीही घोषणा कानी आली, मग ती सत्ताधाऱ्यांची असो वा स्वपक्षाची, की कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाकडून येणार? जोखीम कोणाच्या माथी जाणार? आणि उद्या रक्कम थांबली, तर त्या वृद्धेला कोणत्या कायद्यान्वये दाद मागता येणार? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती घोषणा म्हणजे दान आहे. समाजवादी चळवळ दानासाठी उभी राहिलेली नाही.