सागराचे हरवलेले मौन



सागराच्या खोलीत प्रकाश फारसा पोहोचत नाही. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. म्हणूनच देवमासा मुख्यत्वे कानांनी जग जाणतो. त्याच्या सादेच्याच खर्जात आज जहाजांच्या पंख्यांची घरघर अहोरात्र चालते.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कॅनडातील फंडीच्या आखातातली जहाज वाहतूक काही काळ रोडावली. तेथील पाण्यातील गोंगाट ६ डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत ‘राइट व्हेल’ या दुर्मीळ देवमाशांच्या विष्ठेत तणावाची संप्रेरके घटल्याचे संशोधकांना आढळले. २०१२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

सागरात गेलेले प्लास्टिक वर्षानुवर्षे उरते. गोंगाट मात्र यंत्र थांबताच विरतो. पंख्यांची रचना सुधारणे, वेग आवरणे हे उपाय मनुष्याच्या हाती आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना दिल्या, २०२३ मध्ये त्या सुधारल्या; परंतु त्या बंधनकारक नाहीत. ज्या जिवाला आपले गाऱ्हाणे मांडता येत नाही, त्याच्यासाठी हा संयम आपण स्वेच्छेने पाळणार का, हाच खरा प्रश्न आहे.