धूर की धुके?

(यवतमाळ येथील कार्यकर्ते व कुटुंबीयांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळ शहरालगत भारीच्या शिवारात एक विमानतळ आहे. धावपट्टी आहे, कुंपण आहे, कागदोपत्री नावही आहे. परंतु ज्यामुळे विमानतळाला विमानतळ म्हणावे, ती प्रवाशांची वर्दळ काही तेथे नांदली नाही. यवतमाळ, नांदेड, लातूर, बारामती आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, अशी पाच विमानतळे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने २००९ मध्ये रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या कंपनीस ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पुढे ती शासनाने परत घ्यावीत, अशी मागणी वारंवार झाली. निवेदने निघाली, बैठका झाल्या, वर्षे सरली.

जेथे सार्वजनिक पैसा गुंतला आहे, जेथे कुंपण आहे आणि कुंपणाआड काय चालले आहे हे कोणी सांगत नाही, तेथे तर्क उगवणारच. पावसाळ्यात पडीक रानात तण माजते, तसे. चहाच्या टपरीवर कोणी म्हणतो, ‘यामागे काहीतरी मोठे आहे.’ दुसरा म्हणतो, ‘वरपर्यंत साखळी आहे.’ तिसरा नुसती मान हलवतो. घरी परतताना तिघांनाही काहीतरी समजल्याचे समाधान असते. प्रत्यक्षात तिघांच्याही पदरी एकही नवी माहिती पडलेली नसते. आजच्या चिंतनाचा विषय हा आहे. तो नीट उमगावा, यासाठी प्रथम जगातील अशा एका विमानतळाकडे पाहावे लागेल, ज्याच्याविषयी कदाचित सर्वाधिक कंड्या पिकल्या.

डेन्व्हरची कहाणी

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर. तेथील नवा विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ रोजी सुरू झाला. विस्तार सुमारे १३५ चौरस किलोमीटर. ठरलेल्या मुदतीपेक्षा १६ महिने विलंब आणि मूळ अंदाजापेक्षा सुमारे २ अब्ज डॉलरचा अधिक खर्च, हे या विमानतळाचे जन्मापासूनचे दोन डाग. एवढा पैसा गेला कोठे, हा प्रश्न स्वाभाविक होता. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्याऐवजी लोकांनी कथा रचल्या. भूमीखाली गुप्त नगरी वसवली आहे. जगावर राज्य करू पाहणाऱ्या मूठभर धनिकांसाठी प्रलयकाळाचे आश्रयस्थान सिद्ध होत आहे. तेथे परग्रहावरील सरडेमानव वावरतात, इथपर्यंत मजल गेली.

या कथांना आधार काय? आधार होता, हेच ध्यानात घेण्यासारखे आहे. विमानतळाच्या दालनात १९९४ चा एक समर्पण-शिलालेख आहे. त्यावर फ्रीमेसन या बंधुसंघाचे गुण्या व कंपास हे चिन्ह कोरले आहे आणि ‘न्यू वर्ल्ड एअरपोर्ट कमिशन’ असे नाव आहे. झाले! ‘नवी जागतिक व्यवस्था’ आणणाऱ्यांचा हा पुरावा ठरला. वस्तुतः ते कमिशन म्हणजे उद्घाटनाचे सोहळे पार पाडण्यासाठी स्थानिक मंडळींनी स्थापलेली समिती होती. फरशीत ‘एयू एजी’ अशी अक्षरे जडवली आहेत. कोणी म्हणाले, हे एका घातक रोगजंतूचे सांकेतिक नाव. शाळेतील विज्ञानाचा विद्यार्थीही सांगेल की ही सोने आणि चांदी यांची रासायनिक चिन्हे आहेत, आणि कोलोरॅडोचा इतिहास खाणींचा आहे.

लिओ टांगुमा या चित्रकाराच्या भित्तिचित्रांत विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा घातलेला, तलवारधारी सैनिक आहे. भयकथा सांगणारे तेवढाच भाग दाखवतात. पुढच्या भागात मुले शस्त्रे आणून देत आहेत आणि त्यांपासून नांगराचा फाळ घडवला जात आहे, हे ते दाखवत नाहीत. विमानतळाच्या वाटेवर सुमारे ३२ फूट उंचीचा निळा घोडा उभा आहे. त्याचे लाल डोळे रात्री प्रकाशतात. २००६ मध्ये हा पुतळा घडत असतानाच त्याचा एक भाग अंगावर कोसळून शिल्पकार लुईस हिमेनेझ मरण पावला; पुतळा २००८ मध्ये बसवण्यात आला. घोडा शापित ठरायला एवढे पुरे झाले. त्या लाल डोळ्यांमागे शिल्पकाराच्या वडिलांच्या निऑन दिव्यांच्या व्यवसायाची आठवण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आणि सर्वांत बोलका दाखला धावपट्ट्यांचा. आकाशातून पाहता त्यांची मांडणी स्वस्तिकासारखी भासते. यावरून विमानतळ बांधणारे नाझी विचारांचे, असा निष्कर्ष काढला गेला. भिंगरीच्या पात्यांसारखी ही रचना आहे, कारण त्यामुळे धावपट्ट्या एकमेकींना छेदत नाहीत आणि एकाच वेळी अनेक विमानांना चढता-उतरता येते. येथे बसलेल्या प्रत्येकाच्या उंबरठ्यावर, वहीपूजनाच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेवर स्वस्तिक असते. एक आकृती पाहून अर्थ न विचारता निवाडा दिला गेला की काय होते, हे आपल्या समाजाइतके कोणाला कळावे? ज्याला हा चटका बसला आहे, त्याने तरी दुसऱ्याच्या खुणा वाचताना दहादा विचार करावा.

हत्ती खराच होता

महाभारतातील द्रोणपर्वाचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. ती घटना खरी होती. परंतु ती अशा रीतीने सांगितली गेली की द्रोणाचार्यांना पुत्र गेल्याचा भास झाला आणि त्यांनी शस्त्र खाली ठेवले. निखळ असत्याने त्या ज्ञानवृद्ध सेनापतीला फसवले नसते. त्यांना फसवले ते अर्ध्या सत्याने, आणि तेही विश्वासू मुखातून आलेल्या.

षड्यंत्राच्या प्रत्येक कथेत असा एक खरा हत्ती असतो. शिलालेख खरा, चिन्ह खरे, शिल्पकाराचा मृत्यू खरा, भूमीखालचे बोगदेही खरे. ते आगगाडी आणि सामान वाहण्यासाठी खोदलेले आहेत. खोटी असते ती या सर्वांना जोडणारी दोरी.

आपल्या न्यायदर्शनाने याविषयी शतकांपूर्वी सावध केले आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. पण समोर दिसतो तो धूरच आहे, धुके किंवा उडालेली धूळ नव्हे, याची आधी खात्री हवी. शब्दाला प्रमाण मानावे, पण तो आप्ताचा, म्हणजे वस्तुस्थिती जाणणाऱ्याचा आणि ती जशी आहे तशी सांगणाऱ्याचा असेल तरच. भ्रमणध्वनीवर संदेश पाठवणारा आपला नातलग असेल. पण तेवढ्याने तो न्यायदर्शनाचा आप्त ठरत नाही.

लाभ कोणाचा?

डेन्व्हरमध्ये प्रत्यक्षात काय बिघडले होते? प्रवाशांचे सामान आपोआप वाहून नेणारी महत्त्वाकांक्षी यंत्रणा तेथे उभारायची होती. काम विलक्षण गुंतागुंतीचे, मुदत तोकडी, आणि बांधकाम चालू असतानाच आराखड्यांत फेरफार. १९९४ मध्ये पत्रकारांसमोर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा पेट्या फेकल्या गेल्या, कपडे विखुरले. त्या यंत्रणेपायी उद्घाटन लांबत गेले आणि अखेर २००५ मध्ये ती बंदच करावी लागली. पैसा गेला तो बऱ्याच अंशी असा. चुकीच्या नियोजनात आणि घाईच्या निर्णयांत. यात एकही सरडेमानव नव्हता.

विमानतळाच्या व्यवस्थापनाने पुढे या कथांचा प्रतिवाद करणे सोडून त्यांची जाहिरातच केली. २०१६ मध्ये कथांचे प्रदर्शन भरवले. २०१८ मध्ये मुख्य दालनाचे नूतनीकरण सुरू झाले, तेव्हा बांधकामाभोवतीच्या भिंतींवर ‘आत नेमके काय चालले आहे बरे?’ अशा धर्तीची, सरडेमानवांची विनोदी चित्रे लावली. लोक हसले, छायाचित्रे काढली. विमानतळाची प्रतिमा गमतीदार झाली. पण त्या भिंतींआडचे कामही विलंब, वाढता खर्च आणि वादात सापडले व ऑगस्ट २०१९ मध्ये संबंधित कंत्राट रद्द करण्यात आले. भिंतीवरचा सरडा सर्वांनी पाहिला. भिंतीमागचा हिशेब किती जणांनी विचारला?

षड्यंत्राची कथा सत्ताधाऱ्याला घाबरवते, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याचे खरोखर चुकले आहे, त्याला ही कथा ढालीसारखी उपयोगी पडते. ‘अदृश्य शक्तींनी केले’ असे एकदा ठरले की कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर सही केली, हे विचारण्याची गरज उरत नाही.

आपल्या अंगणात

हे केवळ परक्यांचे वेड म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी २४१ जण गेले. त्यांत महाराष्ट्रातील तरुण कर्मचारीही होते. चिता विझल्या नव्हत्या, तोच संदेश फिरू लागले की या विमानाची देखभाल तुर्कस्तानची कंपनी करीत होती, म्हणजे हा घातपात आहे. येथेही एक खरा हत्ती होता. सुमारे महिनाभर आधी, १५ मे २०२५ रोजी, भारत सरकारने विमानतळांवर सेवा देणाऱ्या सेलेबी या तुर्की मुळाच्या कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द केली होती. पण ती कंपनी वेगळी, काम वेगळे. ज्या देखभाल कंपनीचे नाव घेतले गेले, तिच्याकडे बोइंग ७७७ विमानांचे काम होते; कोसळलेले विमान ७८७ होते, आणि तुर्कस्तानने तसा खुलासाही केला. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. त्यात उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन बंद झाल्याची नोंद होती. दोष कोणावर ठेवलेला नव्हता. तरीही काहींनी त्याच रात्री वैमानिकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

तो तुर्की घातपाताचा संदेश देशभक्तीच्या भावनेने पुढे पाठवणारे हात आपल्यापैकी अनेकांच्या घरचे असतील. भावना खरी असेलही. पण शत्रूविषयी असत्य बोलल्याने राष्ट्राचे बळ वाढत नाही. उद्या खरोखरच घातपात झाला, तर आपल्या इशाऱ्यावर विश्वास कोण ठेवील? आणि ज्या घरातला मुलगा गेला, त्या घराने रोज नवा खलनायक का ऐकावा?

दहा रुपयांचा अर्ज

आता पुन्हा भारीच्या कुंपणापाशी येऊ. तेथे रहस्य असेल तर ते साध्या कागदांत आहे. भाडेपट्ट्याच्या अटी कोणत्या होत्या? देखभाल कोणी करायची होती? अटी मोडल्या गेल्या का, नोटिसा निघाल्या का, त्यांना काय उत्तरे आली? संभाव्य प्रवासी-संख्येचा अभ्यास झाला होता का? नागपूरचा विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटरवर असताना येथील सेवा परवडावी कशी, याचा विचार कोणी केला? यांतील शेवटचा प्रश्न आपल्या अपेक्षांनाही विचारलेला आहे. कारण उत्तर कदाचित षड्यंत्रात नसून तिकिटांच्या हिशेबात सापडेल आणि ते आपल्याला आवडणार नाही.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवस. एवढ्या पैशांत टपरीवर एक चहा येतो आणि त्यासोबत हव्या तितक्या कथा फुकट मिळतात. अर्ज मात्र नीट लिहावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो, अपिलात जावे लागते, आणि आलेले उत्तर आपल्या मताच्या विरुद्ध असले तरी चारचौघांत वाचून दाखवावे लागते. कार्यकर्त्याची कसोटी येथे लागते.

शासनाचीही जबाबदारी तितकीच आहे. मौन हे अफवेचे खतपाणी होय. ज्या विमानतळाच्या प्रवेशद्वारावर खर्च, करार आणि कामाची स्थिती सांगणारा एक फलक लागेल, तेथील निम्म्या कंड्या आपोआप वाळतील.

आज रात्री घरी गेल्यावर भ्रमणध्वनीवर एखादा सनसनाटी संदेश येईलच. पुढे पाठवण्यापूर्वी घरातल्या लहान मुलाने विचारावा तसा एकच प्रश्न विचारावा: ‘हे तुम्ही पाहिलेत का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर बोट तेथेच थांबवावे. आणि उद्या सकाळी, दोन-चार जणांनी मिळून का होईना, भारीच्या विमानतळाविषयीचा तो दहा रुपयांचा अर्ज लिहावयास घ्यावा.