वकिलाची फी कोण देणार?



व्यासपीठावर येताना स्वागताध्यक्षांनी कानात सांगितलं, समोर मंत्री बसलेत, जरा सांभाळून बोला. सांभाळून बोलणारा हवा होता तर अध्यक्ष निवडताना चूक झाली, एवढंच म्हणतो.

दर संमेलनात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा ठराव होतो. हात वर होतात, टाळ्या पडतात, लगेच भोजनाची घोषणा. या ठरावासोबत एक रुपया बाजूला काढलेला मी तरी पाहिलेला नाही.

इथून राजापूर लांब नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या जमीन व्यवहारांवर ते लिहीत होते, आणि हल्ल्याच्या दिवशीच त्यांची बातमी छापून आली होती. सरकारने कुटुंबाला २५ लाखांची मदत जाहीर केली. ती द्यायलाच हवी होती. पण जिवंत बातमीदाराला धमकी येते, नोटीस येते, तेव्हा त्याच्यासाठी कोणाच्या तिजोरीत काय आहे? आजारपणाला पत्रकार कल्याण निधी आहे, म्हातारपणाला सन्मान योजना आहे. लिहिल्याबद्दल कोर्टात खेचलं, तर काही नाही.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, असं मंत्रिमहोदय म्हणतील. आहे. २०१७ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमती मिळेपर्यंत २०१९ उजाडलं. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड. पण हल्ला सिद्ध करायला आधी आपण पत्रकार आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि तालुक्याच्या वार्ताहराकडे नेमणुकीचं पत्र कुठलं असणार? त्याला पगार नाही, दिवाळी पुरवणीच्या जाहिरातींवर कमिशन आहे. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, पुष्कळदा जाहिरातही त्याच्याकडेच मागायची. त्यातून कोणी लिहिलंच, तर अब्रुनुकसानीचा दावा परजिल्ह्यातल्या कोर्टात लागतो. निकाल कोणाला हवा असतो? तारखांना एसटीचं भाडं आणि वकिलाची फी भरता भरता माणूस लिहायचा थांबतो.

१८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांनी टिळक-आगरकरांवर अब्रुनुकसानीचा खटला भरला. दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, हे आपल्याला पाठ आहे. त्यांना जामीन कोण राहिलं हे मात्र आपण विसरतो. जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे यांनी १० हजारांची हमी घेतली. त्या काळचे १० हजार! फुल्यांचं आणि केसरीचं किती जमत होतं, ते या मंडपात सांगायला नको. मतं पटली म्हणून ती हमी दिलेली नव्हती.

युनेस्कोकडे माध्यमांच्या बचावासाठी जागतिक निधी आहे, तिकडे अर्ज करा, असं एका विद्वानाने मला सुचवलं. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा त्यांनी वाचावा. वृत्तपत्राचा बातमीदार, स्तंभलेखक, संपादक, मालक यांना परदेशी देणगी घ्यायला बंदी आहे. सरकारी पैसा मला यात नकोच. अनेकदा फिर्यादी सरकारच असतं. मग उरलो आपण, वाचणारे. बातमीदाराच्या वकिलासाठी निधी आपणच उभारायचा.

खंडणीखोर पत्रकारांचं काय, हा प्रश्न मघाशी चहाच्या वेळीच आला. बरोबर आहे, असे आहेत, आणि त्यांना तुम्ही-आम्ही पोसलंय. म्हणून पैसे पत्रकाराच्या हाती द्यायचे नाहीत, थेट वकिलाला द्यायचे. निवृत्त न्यायाधीश, एक वकील आणि पत्रकारितेशी संबंध नसलेले दोन वाचक यांनी प्रकरण तपासायचं. बातमी आपल्या जातीच्या, पक्षाच्या, गावच्या पुढाऱ्याविरुद्ध असली, तरी बातमीला पुरावा होता का, एवढंच बघायचं. तिथे आपली खरी परीक्षा आहे, आणि माझी खात्री नाही की आपण पास होऊ.

माझा ठराव असा: या संमेलनाच्या खर्चातला दहावा हिस्सा जिल्ह्याच्या अशा न्यायालयीन मदत निधीत जाईल. तो कुठून काढायचा, तेही सांगतो. शाली, स्मृतिचिन्हं, कमानी आणि त्या कमानींवरचे आमचे फोटो. माझं मानधन कोषाध्यक्षांनी त्यातच धरावं.

अनुमोदक हवा आहे. मागून हात दिसताहेत, आभारी आहे. पण पहिल्या रांगेतून नाव आल्याशिवाय मी खाली बसणार नाही.