रुग्णशय्या आणि प्रयोगशाळा

हृदयशूळाने कासावीस झालेल्या रोग्याच्या जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवली की थोड्याच वेळात त्यास आराम पडतो, ही गोष्ट डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती. तो आराम का पडतो, हे मात्र सुमारे शंभर वर्षे कोणासही सांगता आले नाही. १९७७ साली फरीद मुराद यांनी दाखवून दिले की, या औषधातून नायट्रिक ऑक्साईड हा वायू सुटतो आणि त्याच्या योगाने रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात. या विषयावरील कार्याबद्दल १९९८ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. उपाहारगृह चालविणाऱ्या आईबापांचे हे चिरंजीव १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात दाखल झाले, ते एका नवीनच निघालेल्या अभ्यासक्रमात. १९६५ साली बाहेर पडताना वैद्यकाची एम.डी. व संशोधनाची पीएच.डी. अशा दोन्ही पदव्या त्यांच्या पदरात होत्या.

आपल्याकडे एम.डी. ही एम.बी.बी.एस.च्या पुढची पदवी होय. अमेरिकेत ती डॉक्टरकीची पहिलीच पदवी आहे. तिला पीएच.डी.ची जोड देण्याच्या या कल्पनेस १९६४ साली तेथील सरकारी आरोग्यसंस्थेने द्रव्यसाहाय्य देऊ केले. आरंभी तीन विद्यालयांना मिळालेले हे साहाय्य आज पन्नासांहून अधिक ठिकाणी पोचले आहे. क्रम सामान्यतः असा: पहिली सुमारे दोन वर्षे वैद्यकाचे पाठ, मग तीन ते पाच वर्षे प्रयोगशाळा आणि शेवटी पुन्हा रुग्णालय. एकंदर काळ सरासरी आठ वर्षांचा. बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क माफ असते व निर्वाहापुरते वेतनही मिळते. परंतु ऐन उमेदीची आठ वर्षे ही काही लहान किंमत नव्हे. आणि त्यापुढे रुग्णालयातील उमेदवारी उरतेच.

साहजिकच, या दारी येणाऱ्यास पूर्वी संशोधन केलेले असावे लागते. पदवीनंतर एकदोन वर्षे प्रयोगशाळेत नोकरी करून मग अर्ज करणारे आज पुष्कळ आहेत. अर्जाचा मोठा भाग मध्यवर्ती कचेरीमार्फत जातो आणि त्यात तीन निबंध लिहावे लागतात. वैद्यकाकडे मन का वळले, हा पहिला. त्यास ५,३०० अक्षरांची मर्यादा. दोन्ही पदव्या कशासाठी हव्यात, हा दुसरा. त्यास अवघी ३,००० अक्षरे. केलेल्या संशोधनाचा वृत्तांत हा तिसरा. त्यास मात्र १०,००० अक्षरांची मुभा. परीक्षकांचा कल कोठे आहे, हे या आकड्यांवरूनच उमगावे.

आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. अमुक इतके तास काम, तमुक इतकी यंत्रे हाताळली, निबंधावर चौथे नाव, अशी जंत्री म्हणजे संशोधनाचा वृत्तांत नव्हे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने दोन वर्षे उंदरांच्या यकृतातील चरबीवर काम केले. पहिल्या वर्षाचे सारे प्रयोग फसले. ही हकीगत लपवावी, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रयोग का फसले हे तिने कसे हुडकले, कोणती शंका तिची स्वतःची होती, पुढील प्रयोगात तिने काय बदलले, हे जर तिने सरळ सांगितले, तर छापील निबंध नसतानाही तिचे पारडे जड होते. उलट, ज्याचे नाव तीन निबंधांवर झळकते, पण मुलाखतीत 'हाच प्रश्न का घेतला?' असे विचारताच जो आपल्या गुरूंकडे बोट दाखवितो, त्याचे हात कामास आले, बुद्धी नव्हे, असाच निष्कर्ष निघतो. ज्या ज्या गुरूंपाशी मोठे काम केले, त्यांची शिफारसपत्रे मागण्याचा हेतूही हाच.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे व तो मुरलेल्या संशोधकास अधिक. संशोधनाच्या वर्णनात तो इतका रंगतो की, परीक्षकाच्या मनात सहजच येते, 'मग याला डॉक्टर तरी कशाला व्हायचे आहे? नुसती पीएच.डी. पुरे.' त्या छोट्या ३,००० अक्षरांच्या निबंधाचे महत्त्व येथे कळते. रोग्यापाशी बसल्यावाचून जो प्रश्न सुचलाच नसता आणि प्रयोगशाळेवाचून ज्याचे उत्तर मिळणार नाही, असा एखादा प्रश्न अर्जदाराच्या मनात खरोखर असावा लागतो. तो उसना आणता येत नाही. त्यासाठी रुग्णालयात, शुश्रूषागृहात आधीच काही काळ घालविलेला असावा लागतो. आणि तोही अर्जात नोंदविता यावा एवढ्यासाठी नव्हे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना ही वाट खुली आहे. मुंबई-पुण्याहून जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच ध्यानी घ्यावी. वर सांगितलेले सरकारी साहाय्य तेथील नागरिकांना व कायमच्या रहिवाशांनाच मिळते. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी विद्यालये थोडी, आणि ती आपल्या पदरच्या पैशाने घेतात. शिवाय अमेरिकेतील वा कॅनडातील महाविद्यालयात काही काळ शिकलेले असावे, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते.

आणि दार उघडले नाही, तर? हॅरॉल्ड वार्मस यांच्यापाशी पीएच.डी. नव्हती. इंग्रजी वाङ्मयाची एम.ए. आणि वैद्यकाची एम.डी. एवढ्या शिदोरीवर त्यांनी कर्करोगाच्या मुळाशी असलेल्या जनुकांचा शोध घेतला, १९८९ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी झाले आणि पुढे त्याच सरकारी आरोग्यसंस्थेचे प्रमुखपदही त्यांनी भूषविले. तेव्हा दोन पदव्या हे साधन होय, साध्य नव्हे. अर्ज लिहावयास बसणाऱ्याने प्रथम कागदावर आपला प्रश्न लिहावा. तो लिहिता आला, तर आठ वर्षे फार वाटणार नाहीत. न आला, तर अर्जाचा लखोटा बंद करण्यापूर्वी आणखी एक वर्ष रोग्यांच्या आणि परीक्षानळ्यांच्या सहवासात काढावे, हेच हिताचे.